पाय धुतले म्हणून राजेपण जात नाही

माननीय संपादक,

कालच्या अंकातला ख्रिस्तराजाच्या सणावरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. येशू गोठ्यात जन्मला, गाढवावर बसून यरुशलेमात आला, मग त्याला मुकुट घालून राजा कशाला म्हणायचं, हे सगळं पोर्तुगीजांनी आणलेलं, असं लेखकमहाशय म्हणतात. त्यांचा अभ्यास असेल, मी मूळचा सावंतवाडीकडचा ख्रिश्चन, शाळा मराठीतून झाली आणि आता म्हापशाला राहतो, पण लिहिण्याआधी त्यांनी बायबल एकदा उघडायला पाहिजे होतं.

बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानात, 13व्या अध्यायात, शिष्यांचे पाय धुऊन झाल्यावर येशू सांगतो की तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे, आणि मी तुमचे पाय धुतले तर तुम्हीही एकमेकांचे धुवा. कुठे नाकारलं त्याने मोठेपण? आपल्याकडे धर्मराजाच्या यज्ञात कृष्णाने उष्टी काढली म्हणून तो द्वारकेचा राणा नव्हता असं कोणी म्हणतं का? पाच हजारांना जेवू घातल्यावर लोक येशूला जबरदस्तीने राजा करायला निघाले तेव्हा तो एकटा डोंगरावर निघून गेला, आणि तोच रोमन सुभेदार पिलातासमोर बांधून उभा केल्यावर माझं राज्य आहे, पण या जगाचं नाही, असं सरळ सांगतो. जिथे राजा म्हणवून घेतल्यावर मरण ठरलेलं तिथे तो मागे हटला नाही, हे लेखात एका ओळीतसुद्धा नाही.

आणि पोर्तुगीजांचं म्हणाल तर हा सण पोप अकरावे पायस यांनी 1925 मध्ये सुरू केला. पोर्तुगालची राजेशाही 1910 लाच संपली होती. महायुद्ध होऊन गेलेलं, इटलीत मुसोलिनी आलेला, तेव्हा सत्ताधाऱ्यांना तुमच्यावरही कोणीतरी आहे हे सांगायला तो सण होता.

लिहायचंच होतं तर आमच्यावर लिहा ना. एका चर्चमधली गोष्ट सांगतो, नाव घेत नाही. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, पाद्रींनी पाय धुवायला बारा जण बसवतात, त्या वर्षीच्या यादीत एक बिल्डर, फेस्ताचा म्हणजे चर्चच्या जत्रेचा खर्च उचलणारे दोघंतिघं, पंचायतीतले, असेच सगळे. आमच्या वाड्यावरचा एक म्हातारा रेंदेर, म्हणजे माडाची सूर काढणारा, जन्मभर माडावर चढून टाचांना भेगा पडलेल्या, त्याने आपणहून नाव दिलं होतं, तर कमिटीतला एकजण त्याला म्हणाला, अंकल यंदा राहू दे, सगळं लाईव्ह दाखवतात. तो काही बोलला नाही, मीस (प्रार्थनाविधी) संपेपर्यंत मागे दाराजवळ उभा राहिला, आणि पुढे आल्तारापाशी (वेदीपाशी) जे बसले होते ते घरूनच पाय धुऊन नवे मोजे घालून आले होते. मी नंतर पाद्रींना भेटलो तर म्हणाले, कमिटीने ठरवलंय, मी काय करू. अहो, 2013 साली पोप फ्रान्सिस रोममधल्या अल्पवयीन मुलांच्या तुरुंगात गेले, तिथल्या बारा जणांचे पाय धुतले, त्यात दोन मुली होत्या, मुसलमानसुद्धा होते. त्यांना नाही लागली असली यादी. माझा राग अजून गेलेला नाही आणि जाऊही नये असं वाटतं.

तुमच्या लेखकांना गोव्यात मुकुटच बघायचे असतील तर 6 जानेवारीला कासावलीला जा म्हणावं, कुएलीच्या डोंगरावर तीन गावांची तीन मुलं राजे बनून घोड्यावरून चढतात, आणि चढून कुठे जातात, सायबिणीच्या म्हणजे मरियामातेच्या कपेलात, छोट्या चर्चमध्ये.

आणखी एक. नाताळच्या पुरवणीत दरवर्षी बेबिंका, दोदोल, केक आणि बीचवरच्या पार्ट्यांचे फोटो, बाकी काही नसतं. आम्ही मराठी वाचणारे ख्रिश्चन थोडे असू पण पेपर विकत घेऊन वाचतो. यंदा निदान एक पान नाताळ या सणाबद्दल द्या, आणि ते चर्चमध्ये जाणाऱ्या कोणाकडून तरी लिहून घ्या.

आपला,
एक वाचक, म्हापसा