बाबा, ती वायर परत जोडून घ्या

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवरच बोलणार होते, पण विषय काढला की बाबांची रेंज जाते, म्हणून लिहितेय. परवा ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ बघितला. बाबा, तुम्ही इलेक्ट्रिक स्कूटरवर विश्रामबागकडनं गणपतीच्या देवळाकडं निघालाय, आई मागं एका बाजूला बसलेली, मांडीवर मेथीची पिशवी, एका हातात पदर, आणि खाली तुम्हीच हौसेनं लिहिलंय, "४३!! मेकॅनिकने स्पीड लॉकची वायर काढून दिली." शेजाऱ्यांनी अंगठे टाकलेत, मी काही टाकला नाही.

बाबा, मी जिथं कामाला जाते ते द व्हिलेजेस, नाव खेड्याचं पण फ्लोरिडातली ५५ च्या पुढच्या लोकांची भलीमोठी वसाहत आहे. तिथं भाजी आणायला, देवाला, सगळीकडं गोल्फ कार्टच, आणि त्यासाठी शंभराहून जास्त मैल वेगळ्या वाटा केल्यात, त्याच वाटेवर चालणारे, सायकलवाले आणि कुत्री फिरवणारेपण. इथल्या कायद्यात गोल्फ कार्ट म्हणजे जास्तीत जास्त ताशी २० मैल, आपले ३२ किलोमीटर. त्याच्या वर २५ मैलांपर्यंत पळणारी असली की ती वेगळी गाडी धरतात, मग नंबरप्लेट, इन्शुरन्स, लायसन्स, सीटबेल्ट सगळं आलं. आणि लोक काय करतात, वेग ठरवणाऱ्या कंट्रोलरचं सेटिंग बदलून घेतात आणि प्लेट न लावता तसेच पळवतात. तुमच्या मेकॅनिकचा भाऊ इकडंपण आहे म्हणायचं!

माझ्याकडं सध्या एक ७८ वर्षांच्या आजी आहेत, वळणावर मागनं कार्ट जोरात आली म्हणून बाजूला झाल्या आणि पडल्या. धक्कासुद्धा लागला नाही, नुसतं पडून खुबा मोडला. वॉकर घेऊन आम्ही पॅसेजमध्ये दहा पावलं चालतो, मागनं औषधांच्या ट्रॉलीची चाकं वाजली की त्या थांबतात आणि माझं मनगट धरतात, ट्रॉली पुढं जाईपर्यंत सोडत नाहीत.

पोलीस काय करतात विचाराल. वसाहतीची गस्तीची गाडी फिरते पण ती माणसं पोलीस नव्हेत, त्यांना पावती फाडता येत नाही. शेरीफची माणसं, म्हणजे इथले खरे पोलीस, येतात तेवढे दिवस सगळे शहाण्यासारखे चालवतात, ती गेली की आहेच. तरी मीटिंगमध्ये ओरडणारे असतात की आम्ही काय कॉलेजची पोरं आहोत का, आणि तेच आपल्या नातवाच्या अगदी जवळनं कुणी कार्ट पुढं काढली की तक्रार करतात.

तुमची स्कूटर २५० वॅट आणि ताशी २५ च्या आत होती म्हणूनच तिला पासिंग, लायसन्स काही लागत नव्हतं. वायर काढली, ४३ ला गेली, की कायद्यानं ती मोटार वाहन झाली, आणि तुमचं लायसन्स संपून दोन वर्षं झाली, मोतीबिंदूनंतर तुम्हीच म्हणालात आता कशाला रिन्यू करायचं. उद्या आमराईपाशी कुणी आडवं आलं तर इन्शुरन्स कुठला काढून दाखवणार? आणि ब्रेक २५ च्या हिशोबाचे आहेत, ४३ वर ब्रेक दाबल्यापासून थांबायला जवळजवळ तिप्पट अंतर लागतं, हे एसटीवाल्याला मी काय सांगू.

घरात कपाटावर तुमचा २५ वर्षं विनाअपघात सेवेचा बिल्ला आहे. लहानपणी मी तो फ्रॉकला लावून कंडक्टर व्हायचे. एसटीच्या स्पीड लॉकला तुम्ही किती शिव्या घालायचात तेपण आठवतंय, पण ते कधी काढलं नाहीत.

तर या रविवारी मेकॅनिककडं जा आणि वायर जोडून घ्या, पन्नास-शंभर घेईल तेवढे द्या, वाद घालू नका. आई, तू मागं बसून नुसता पदर धरू नकोस. मला गाडी शिकवताना दिवसभर हळू हळू म्हणत होतीस, तेच यांच्या कानात म्हण. आणि पुढच्या व्हिडिओत मला आधी मीटर दाखवा, मग मेथी.

भडंग अजून मिळालं नाही, पाठवलंय का नुसतं म्हणालात?

तुमची,
मोठी