ऐकणाऱ्याचा तास कुठून आणायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाजार थंडावला की आपल्या अर्थपानावर एकच कारण वाचायला मिळते: लोकांच्या हातात पैसा नाही. ते खरे असेलही. पण लोकांजवळ वेळ उरला नाही, याचा बाजारावर काय परिणाम होतो, हे कुणी लिहीत नाही.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मी तीस वर्षे गाणे शिकवते. यंत्रांवर माझा राग नाही. माझ्या आईचा निम्मा दिवस चूल, पाटा-वरवंटा आणि धुण्यात जाई. मला गॅस, मिक्सर, वॉशिंग मशीन मिळाले आणि संध्याकाळचे दोन तास मोकळे झाले. माझा वर्ग त्या दोन तासांवरच उभा राहिला.

नंतरची यंत्रे मात्र वेळ मागत आली. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटांचे गाणे मावे. आज शंभर वर्षांचे गाणे फोनमध्ये आहे, तेही जवळजवळ फुकट. फुकट अशासाठी, की आपला वेळ मधल्यामध्ये जाहिरातदाराला विकला जातो. माहितीचा सुकाळ झाला की लक्षाचा दुष्काळ पडतो, हे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच सांगून ठेवले होते.

गिरणीत तेवढ्याच हातांतून कितीतरी जास्त कापड निघू लागले, म्हणून कापड स्वस्त झाले आणि मजुरीही वाढली. तिलवाडा तालातला संथ बडा ख्याल मात्र पणजोबांच्या काळी जितका वेळ घेई तितकाच आजही घेतो. जागेचे भाडे वाढते, तबलजींचे मानधन वाढते, म्हणून माझी फीही वाढते. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये नाटक-संगीताच्या व्यवसायाबद्दल हेच दाखवले. त्यांचा भर गाणाऱ्याच्या वेळेवर होता. शिकणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा वेळही तसाच आखडता येत नाही, हे मी रोज पाहते. फी भरायला तयार असलेले पालक म्हणतात, "ताई, बंदिश व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, मुलगी घरी बसवेल." बंदिश पाठवता येते हो, पण षड्ज लागेपर्यंत समोर बसावेच लागते. मुलीच्या आठवड्यात तेवढा वेळ कुठे शिल्लक नसतो. माझ्या वर्गात एके काळी बावीस मुले होती, आता सात आहेत. आमच्या गल्लीतला, माप घेऊन कपडे शिवणारा शिंपीही याच कारणाने दुकान बंद करून गेला. त्याच्याकडे दोनदा जावे लागे, एवढाच त्याचा दोष.

इथल्या हजिरा भागात तानसेनांच्या समाधीपाशी १९२४ पासून समारोह होतो, २०२४ मध्ये त्याचे शंभरावे वर्ष झाले. तिथेही आता आलाप रंगू लागला की माणसे उठायला लागतात, हे पाहून जीव तुटतो.

केंद्र सरकारने २०१९ आणि २०२४ मध्ये लोक दिवसाचे तास कसे घालवतात याची देशभर पाहणी केली आहे. सोन्या-चांदीचे भाव आपण रोज छापता. त्या पाहणीतले आकडेही अर्थपानावर सविस्तर द्यावेत, ही विनंती.

आपली,
एक संगीत शिक्षिका
लष्कर, ग्वाल्हेर