कोकेशी भुताची नाही हो, कातारी माणसाची बाहुली आहे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत जपानी लाकडी बाहुल्यांवर लेख आला होता, तो वाचला आणि दोन दिवस गप्प बसलो, म्हटलं जाऊ दे, पेपरात रोज काहीतरी येतच असतं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या आजी दारात उभ्या, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी, आणि म्हणाल्या, "भाऊ, ही तुमची बाहुली ठेवून घ्या, पोरीच्या उशाशी असायची, आम्हाला काय माहिती असलं काही असतंय." उघडून बघितलं तर त्यांच्या नातीच्या पहिल्या वाढदिवसाला मी दिलेली छोटी कोकेशी, आणि गुंडाळली होती कशात, तर तुमच्याच पुरवणीत, बरोब्बर त्याच पानात. मग म्हटलं आता लिहिलंच पाहिजे.

लेखात काय म्हटलंय, तर 'को' म्हणजे मूल आणि 'केशी' म्हणजे पुसून टाकणं, दुष्काळात ज्या पोरांना आईबापांनीच मारलं त्यांच्या आठवणीला म्हणून जपानी लोक ही बाहुली करायचे, म्हणून तिला हात नाहीत, पाय नाहीत. वर हेडिंग 'शापित बाहुली' आणि खाली वास्तूच्या टिप्स. झालं, आमच्या वहिनींचा इस्लामपूरवरून लगेच फोन, "एवढ्या ३१ बाहुल्या घरात ठेवून बसलाय, कुणाकडून तरी शांत करून घ्या."

आधी मी कोण ते सांगतो. सांगलीच्या गावभागात रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे, शिक्षण बेताचं, जपानी येत नाही. पण आईचे वडील कातारी होते. आताच्या पोरांना हा शब्दच माहिती नाही म्हणून सांगतो, कातारी म्हणजे लाकूड फिरवून त्यावर पटाशी धरून गोल वस्तू काढणारा माणूस. लाटणी, पोळपाट, रवी, पाळण्याचे खांब, भोवरे, खुळखुळे, सगळं आजोबांच्या हातचं. मोटर नव्हती, लाकडाला दोरीचे वेढे द्यायचे, आज्जी समोर बसून दोरी एकदा या हातानं एकदा त्या हातानं ओढायची आणि आजोबा पटाशी धरायचे. दोघांत भांडण झालं की त्या दिवशी काम बंद, कारण दोरी कोण ओढणार. खरसुंडीची जत्रा आली की रात्ररात्र भोवरे आणि खुळखुळे, कारण जत्रेत लाटणं कोण घेतंय, पोराला काहीतरी घेऊन जातात.

आता हेच्या हे जपानात बघा. माझा भाचा नोकरीसाठी सेंडाईला गेला, उत्तर जपानात तोहोकू म्हणून भाग आहे त्यातलं मोठं शहर, आणि पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्यानं मला एक लाकडी बाहुली दिली, म्हणाला मामा तुझ्या दुकानात शोकेसमध्ये ठेव. मी हातात घेतली आणि उलटी केली, सवयच ती, तर बुडाला लेथवर, म्हणजे लाकूड फिरवायच्या यंत्रावर, धरल्याची खूण आणि अंगावर बारीक कातीव रेघा. मी म्हटलं अरे ही तर आमच्या आजोबांची जातवाली! पुढं सगळं त्याच्याकडून समजून घेत गेलो, तो तिकडच्या म्युझियममधली माहिती वाचून व्हॉट्सअॅपवर मराठीत सांगायचा, आणि दर वेळी येताना दोन-तीन बाहुल्या.

तर तिकडं डोंगरात कातारी राहायचे, त्यांना किजिशी म्हणतात. त्यांचा मूळ धंदा वाट्या आणि ताटं, म्हणजे आपल्या लाटण्या-पोळपाटासारखाच पोटापाण्याचा. तिकडंही जुना लेथ दोरीचा, एकानं दोरी ओढायची एकानं कातायचं, पायानं चालवायचा एकट्याचा लेथ नंतर आला, मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर. त्या डोंगरात गरम पाण्याचे झरे भरपूर, आणि शेतकरी लोक शेतीची कामं उरकली की अंग शेकायला तिथं जाऊन आठवडा आठवडा राहायचे. परत जाताना पोरांना काय न्यायचं? मग या किजिशी लोकांनी उरल्यासुरल्या लाकडातून एक गोल डोकं आणि एक दांडा, वर थोडा रंग, अशी बाहुली विकायला सुरुवात केली, ही साधारण १९व्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. मागणी वाढली तसा तो वेगळा धंदाच झाला.

आणि हातपाय का नाहीत, याचं उत्तर कुठल्याही लेथवाल्याला विचारा, मिरज एमआयडीसीत जाऊन विचारा. लेथवर फिरणाऱ्या लाकडातून गोल गोष्टच निघते हो, हात कुठून काढणार? आपल्या भोवऱ्याला कुठं हात असतात, म्हणून काय तो शापित झाला? आपल्याकडची जुनी ठकी आठवा, लाकडाची, एकाच तुकड्यातली, रंगवलेली, तिचे तरी हातपाय कुठं धड सुटे असायचे, पण अख्ख्या महाराष्ट्रातल्या पोरींनी तिची लग्नं लावलीच की.

नावाचं म्हणाल तर 'कोकेशी' हे नाव सगळीकडं आधीपासून नव्हतंच. एका गावात देको, दुसऱ्या गावात किबोको, असं प्रत्येक खोऱ्यात वेगळं नाव चालायचं. १९४० साली नारुको या गरम झऱ्यांच्या गावात कारागीर आणि हौशी मंडळी जमली आणि 'कोकेशी' हे एकच नाव वापरायचं ठरलं. ते लिहितात पण साध्या उच्चाराच्या अक्षरांत, अर्थाची चिनी अक्षरं त्याला लावतच नाहीत. म्हणजे 'मूल' आणि 'पुसणे' ही अक्षरं कुणीतरी नंतर आपल्या मनानं बसवली. १९२८ साली सेंडाईच्या एका संग्राहकानं या बाहुल्यांवर पहिलं पुस्तक काढलं, त्या काळच्या जाणत्या लोकांच्या लिखाणात ही मारलेल्या पोरांची भानगड नाही, ती पसरली युद्धानंतर, १९६०च्या पुढं. दुष्काळात त्या भागात नकोशी मुलं मारण्याचे प्रकार झाले, ते खरं आहे, ते नाकारत नाही मी. पण त्याचा बाहुलीशी संबंध जोडणारा पुरावा नाही. उलट नाम्बू भागातली जी जुनी बाहुली, तिचं डोकं सैल बसवलेलं असतं आणि लुकलुक हलतं, ती तर तान्ह्या बाळाला तोंडात धरायला द्यायचे, बिनरंगाची, म्हणजे आपली लाकडी चोखणीच. मेलेल्या पोराची आठवण कोण जिवंत पोराच्या तोंडात देईल, सांगा बघू.

असो. रागाच्या भरात मूळ मजा सांगायची राहते. या बाहुल्यांची घराणी आहेत, आपल्या गाण्यातल्यासारखी, साधारण ११ धरतात. नारुकोच्या बाहुलीची मान फिरवली की 'कीं कीं' आवाज येतो, कारण अंग लेथवर फिरत असतानाच डोकं त्यात दाबून बसवतात, घासून गरम होतं आणि घट्ट बसतं पण फिरतं, डिंक नाही खिळा नाही. तिच्या अंगावर शेवंतीसारखी फुलं. त्सुचियुच्या बाहुलीच्या डोक्यावर गोलात गोल काढलेले, त्याला ते सापाचा डोळा म्हणतात, आणि अंगावर पट्टेच पट्टे, ते पट्टे ब्रश न हलवता काढतात, बाहुली लेथवर फिरते आणि ब्रश नुसता टेकवायचा. आजोबा लाखेची कांडी अशीच टेकवायचे लाटण्याच्या मुठीला, फिरत्या लाकडाच्या गरमीनं लाख वितळून गोल पट्टा बसायचा, तो वास अजून नाकात आहे. तोगात्ताच्या बाहुलीच्या डोक्यावर लाल रेघा फुलासारख्या पसरलेल्या. डोळा म्हणजे एक बारीक रेघ, नाक म्हणजे एक आकडा, पण प्रत्येक चेहरा वेगळा, कारण बाप कसा काढायचा तसाच मुलगा काढतो आणि तरी त्याचा थोडा वेगळा होतोच. बुडाला कारागिराची सही असते. मापही त्यांच्या जुन्या पद्धतीचं, एक सुन म्हणजे जवळपास ३ सेंटीमीटर, त्यामुळं ८ सुनची बाहुली म्हणजे २४ सेंटीमीटर, आपली वीतभर आणि वर थोडी.

लाकूड बहुतेक मिझुकी नावाच्या झाडाचं, पांढरं आणि मऊ, साल काढून महिनोन्महिने उघड्यावर वाळवतात. वाळल्याशिवाय हात लावत नाहीत. आमच्याकडं आता दुकानात जी लाटणी येतात ती ओलीच, दोन महिन्यांत वाकतात, आणि गिऱ्हाईक येऊन मला शिव्या घालतं.

२०१९चा महापूर तुम्हाला सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, आमच्या दुकानात छातीच्या वर. टीव्ही, फ्रीज, रंगाचे डबे, जमेल ते वरच्या मजल्यावर नेलं आणि शोकेस राहिली. तेव्हा माझ्याकडं ९ बाहुल्या होत्या. पाणी उतरल्यावर चिखलातून काढल्या तर सातांचे चेहरे गेलेले, कारण त्यांचा रंग पाण्यात कालवलेला, वर नुसता मेणाचा हात, तो काय पुराच्या पाण्यापुढं टिकतोय. माझ्या दुकानातला ऑइल पेंट टिकला, ते वेगळं. लाल रंग ओघळून सगळ्या अंगावर. बायको म्हणाली टाकून द्या, भाचा म्हणाला मामा जपानात जुन्या बाहुल्या देवळात नेऊन, आभार मानून मग जाळतात, मी म्हटलं आपल्याकडं नदीत सोडतात, पण नदीच तर घरात येऊन गेली. शेवटी माळ्यावर सावलीत ठेवल्या. आजोबांचं एकच सांगणं होतं, ओलं लाकूड उन्हात घालू नको. दोन उभ्या चिरल्या. नारुकोची मान फुगून गच्च बसली होती, हलेना. दिवाळीच्या फराळाचे डबे काढायला माळ्यावर चढलो तेव्हा सहज फिरवून बघितली आणि कीं करून वाजली. चेहरा नाही तिला, पण वाजते. माझ्या ३१ मध्ये ती धरलेली आहे.

ज्यांना जमवायच्या असतील त्यांनी तेवढं लक्षात ठेवा, खिडकीजवळ ठेवू नका, उन्हानं रंग उडतो, जांभळा सगळ्यात आधी. ओल्या फडक्यानं तर मुळीच पुसू नका. पावसाळ्यात भुंगा लागतो, बारीक भोक आणि खाली पिठासारखा भुगा दिसला की ती बाहुली आधी वेगळी काढायची. आणि ऑनलाइन प्लॅस्टिकच्या मान हलणाऱ्या बाहुल्या 'कोकेशी' म्हणून विकतात, त्या घेऊ नका, लाकूड आहे का आणि बुडाला सही आहे का एवढं तरी बघा.

आता मुख्य दुखणं. जपाननं १९७४ साली पारंपरिक हस्तकलांसाठी कायदाच केला, मुख्य काम हातानं झालं पाहिजे, रोजच्या वापरातली वस्तू पाहिजे, कला १०० वर्षांपेक्षा जुनी पाहिजे, अशा अटी घालून. मियागी प्रांतातल्या कोकेशीला १९८१ मध्ये त्या यादीत जागा मिळाली. दर सप्टेंबरला नारुकोत कोकेशीचा उत्सव भरतो, गावातले टेलिफोन बूथसुद्धा बाहुलीच्या आकाराचे. आणि आपण? मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, आनंद आहे, तंबोरा मोठी गोष्ट. सावंतवाडीच्या खेळण्यांचं नाव तरी आहे. पण सांगली-साताऱ्याकडच्या गावांत जे कातारी होते, ज्यांच्या लाटण्यावर आपल्या आयांनी आयुष्यभर पोळ्या लाटल्या, त्यांच्यावर तुमच्या पुरवणीत एक कॉलम कधी आलेला मला तरी आठवत नाही. जागा नाही म्हणावं तर 'शापित बाहुली'ला अर्धं पान मिळालं. तुमच्या तालुक्याच्या वार्ताहरांना नुसतं विचारायला सांगा, गावात कुणाकडं अजून दोरीचा लेथ आहे का. आमच्या आजोबांचा मामानं सरपणात घातला, ते मीच सांगतो, दुसऱ्याला काय बोलू.

अजून एक राहिलं. लेखाबरोबर जो फोटो छापला होता, पोटातून एकात एक निघणाऱ्या बाहुल्यांचा, त्या कोकेशी नाहीतच. त्या रशियन बाहुल्या, मात्र्योश्का. म्हणजे शाप जपानचा आणि फोटो रशियाचा!

दुरुस्ती छापावी ही विनंती, आणि जरा मोठ्या टायपात छापा म्हणजे शेजारच्या आजींना चष्म्याशिवाय वाचता येईल. त्यांची बाहुली मी वेगळी ठेवलीय, ३१ मध्ये धरलेली नाही, ती त्या पोरीची आहे.

आपला,
एक जुना वाचक,
गावभाग, सांगली