परतवाड्याच्या काचवाल्या भाऊंना

भाऊ, दुकानात तुमच्यासमोर मला नीट बोलताच आलं नाही, म्हणून इथं लिहून राहिलो. चार लोकांनी वाचावं असंही वाटते.

आमच्या आजोबांची १९४७ ची शेव्हरोलेट गाडी वाड्यात उभी राहून राहून दाराच्या काचा कडेनं पिवळ्या अन् मधात दुधाळ झाल्या होत्या. ही लॅमिनेट काच, म्हणजे दोन काचांच्या मधात पारदर्शक थर असते, कडेतून ओल शिरली की तो सुटतो, वरून आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन. कितीही पुसा, काच बदलावीच लागते. मुंबईत शिवडीला शेव्हरोलेट जोडणारा जनरल मोटर्सचा कारखाना १९५४ लाच बंद झाला, म्हणजे ओरिजनल विसराच.

शहरातल्या मोठ्या दुकानवाल्यानं घराच्या खिडकीची साधी काच बसवली अन् पैसे सेफ्टी ग्लासचे घेतले. ती फुटली तर सुऱ्यासारखे तुकडे होतात, अन् तिथं माझी पोरगी बसते हो! दुसरा म्हणे आधी टफन (भट्टीत तापवून मजबूत) करून आणा मग मापानं कापून देतो. टफन केलेली काच कापायला गेलं की चुरा होते, हे काचेचा धंदा करणाऱ्याला माहीत नसावं? राग अजून गेला नाही माझा.

तुम्ही जुनी काच कडेनं पाहिली अन् म्हणाले, "हे लॅमिनेट हाये, लॅमिनेटच टाकू." ३+३ मिलिमीटरची काच आणली, पुठ्ठ्याचा साचा केला, सगळं नीट जमलं. पण मला राहून राहून आठवते ते वेगळंच. काच कापून झाली, मी पैसे काढले, तर तुम्ही वॉटर पेपर घेऊन खालची कड घासत बसले. ती कड दाराच्या आत चॅनलमध्ये जाते, कोणालाच दिसत नाही. मी म्हटलं राहू द्या भाऊ, उशीर होऊन राहिला. तुम्ही मान वर न करता म्हणाले, "उद्या कोणी मिस्त्री दारात हात घालन, त्याच्या बोटाले लागन ना."

तो मिस्त्री कोण, कधी येईल, तुम्हाला काय माहीत! तरी त्याच्या बोटांची काळजी. घरी येऊन बायकोला सांगताना माझा आवाज भरून आला. बोर्डही नसलेल्या टिनाच्या दुकानात अशी माणसं बसून आहेत म्हणून जग चाललं आहे, हे मी मनापासून म्हणतो.

मागच्या दारांच्या काचा दिवाळीनंतर काढतो, तुमच्याकडेच आणणार. अन् कड घासायची मजुरी यावेळी घ्यायचीच, नाही म्हणू नका.