आई, उपवासाचं तेवढं ऐक

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे नीट बोलता येत नाही. आईचा आवाज ऐकला की मी एक तर भांडते, नाही तर रडते. म्हणून लिहितेय.

तुम्हाला कायमचं माझ्याकडे आणायचं मी रद्द केलंय. खालच्या मजल्यावरची जागा सोडली, काल किल्ल्याही परत दिल्या. दादाला सांगितलं तेव्हा तो काहीच बोलला नाही, आणि मला रात्रभर झोप लागली नाही. मी जबाबदारी झटकतेय असं तुम्हाला क्षणभरही वाटू नये.

गेल्या खेपेला तुम्ही सहा आठवडे इथे होतात. औषधं वेळेवर, डॉक्टर हाकेच्या अंतरावर, पलंगसुद्धा आईच्या गुडघ्यांना सोसेल एवढ्या उंचीचा. तरी बाबा, रोज चार वाजता तुम्ही धुतलेला सदरा घालून, चष्मा पुसून खुर्चीत बसायचात. जायचं कुठेच नसायचं. ती भजनाला निघायची वेळ होती, हे कळायला मला महिना लागला. तोवर मी टीव्ही लावून देत होते.

अमेरिकेत ७४,५३४ परिचारिकांची १९९६ ते २०१२ अशी सोळा वर्षं पाहणी झाली. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा प्रार्थनेला जाणाऱ्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघालं. बाबा, तुम्ही लगेच म्हणाल, जिचे पाय धड आहेत तीच जाणार ना! खरंय. त्यांनी आधीची तब्येत हिशेबात धरली होती, तरी नुसत्या पाहणीवरून जाण्यामुळेच आयुष्य वाढलं असं ठामपणे म्हणता येत नाही. पण त्या फरकाचा जवळजवळ पाव हिस्सा माणसांच्या आधाराशी जोडलेला दिसला, आणि ती माणसं मी इथे कुठून आणू? मंडळात कोण दोन दिवस आलं नाही, टाळ धरताना कुणाचा हात थरथरतोय, हे लगेच कळतं. त्या रात्री आईने पहिला फोन मला नाही, तबलेवाल्या काकांना केला. मी तेव्हा रुसले होते. ते आले म्हणून बाबा दवाखान्यात वेळेत पोचले.

आता आई, तुझ्याशी. बाबांच्या बायपासपासून तू त्यांच्यासाठी दर आठवड्याला निर्जळी उपवास धरतेस. परवा देवासमोर तुला घेरी आली, ते तू नाही, दादाने सांगितलं. २००६ मध्ये बायपासच्या १,८०२ रुग्णांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींसाठी परक्या माणसांनी प्रार्थना केल्या, काहींसाठी नाही. गुंतागुंत प्रार्थनेमुळे कमी झाली नाही. तुझी माया त्या परक्यांच्या प्रार्थनेसारखी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण तुझ्या रिकाम्या पोटाने बाबांचं हृदय सुधारत नाही गं, आणि मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहिलीस तर तुझी साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधार, ते हेच. तू पडलीस तर बाबांचं काय होईल, एवढंच मनात आण. देवाला नुसता नमस्कार कर. तो ओळखतो तुला.

जप मात्र सोडू नका, बाबा. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी मोजलं, जपमाळेची प्रार्थना किंवा मंत्र लयीत म्हटला की श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो आणि हृदयाच्या लयीला ते मानवतं. मला ते वाचण्याआधीच माहीत होतं. ताप आला की मी तुमच्या पोटावर डोकं ठेवून पडायचे. मणी सरकायचा, पोट वर यायचं, पुन्हा खाली. एकशे आठ कधी मोजून झाले नाहीत माझ्याने, आधीच झोप लागायची. अजूनही झोप येत नाही तेव्हा तेच आठवते.

तर आता ऐकायचं. आई, गोळ्यांच्या वेळा आणि उपवास डॉक्टरांना विचारून, मनाने काही बंद करायचं नाही. घेरी आली तर आधी साखर मोज. सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच पी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोज. उपवास असला तरी. बाबा, जमिनीवर मांडी घालायचा हट्ट नको, खुर्चीत बसून म्हटलेला अभंगही पोचतो. देवळाच्या पायऱ्यांना कठडा बसवायचं मी मंडळाशी बोलले आहे, खर्च माझा, आणि त्यावर वाद नको.

मी दर महिन्याला चार दिवस येणार आहे. रजा मंजूर झाली आहे. पुढच्या महिन्यात चार वाजता मीही तुमच्याबरोबर निघेन. आई, माझ्यासाठी पुढे जागा धरू नकोस, मला तुझ्याशेजारीच बसायचंय.

तुमची,
ताई