घर उभं केलं त्याचं नाव कुठाय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या पॅसाडीनाच्या गॅम्बल हाउसवरचा लेख वाचला. फोटो झकास. पण पानभर नुसते आर्किटेक्ट ग्रीन बंधू, घरमालक साबणवाले गॅम्बल, वर ते घर कुठल्या सिनेमात दिसलं तेपण, आणि ज्याने ते घर बांधलं त्या पीटर हॉलचं नाव एका ओळीतसुद्धा नाही. म्हणजे १९०८-०९ मध्ये ते काय कागदातून आपोआप उगवलं का?

मुलीकडे गेलो होतो तेव्हा मी ते घर बघून आलोय, म्हणून जास्त राग. हा हॉल मूळचा स्टॉकहोमचा, लहानपणी अमेरिकेत आला, जिने बनवता बनवता कॉन्ट्रॅक्टर झाला. ब्लॅकरचं घर त्याचंच, बर्कलीचं थॉर्सनचंपण. भाऊ जॉन लाकूडकाम आणि फर्निचर बघायचा. ग्रीन बंधू हुशारच, ते स्वतः शाळेत सुतारकाम शिकलेले, त्याबद्दल वाद नाही. पण कागदावर रेघ मारणं वेगळं आणि बर्मा टीकला रंधा मारून ती रेघ आणणं वेगळं.

आणि घर ‘एकही खिळा किंवा स्क्रू न वापरता’ बांधलं असं लेखात म्हटलंय, ते कुठून आणलंत हो? फोटोत आबनुसाच्या काळ्या चौकोनी गुट्ट्या दिसतात ना, त्या नुसत्या शोभेच्या नाहीत, कित्येक ठिकाणी त्यांच्या खाली स्क्रूच आहे, आणि त्याचं भोक गोल न ठेवता लांबट ठेवायचे कारण लाकूड हवेप्रमाणे फुगतं, आक्रसतं, त्याला सरकायला जागा दिली की फळीला चीर जात नाही. कुठल्याही सुताराला विचारलं असतंत तर चहाच्या एका कपात सांगितलं असतं.

माझे वडील सुतार, मिरजेकडचे. १९७१ साली एका डॉक्टरांच्या बंगल्याचा सागवानी जिना त्यांनी केला, चार महिने घरी नीट जेवायलासुद्धा आले नाहीत. वास्तुशांतीला आम्हाला शेवटच्या पंगतीला बसवलं ते सोडा, पण दारात संगमरवरी पाटी लावली त्यावर आर्किटेक्ट, मालक, मालकांचे वडील, कोणाच्या शुभहस्ते ते सगळं आलं. नंतर एकदा आण्णा पावसाळ्यात जिना कुठे फुगलाय का बघायला म्हणून आपणहून गेले तर गड्याने सांगितलं, मागच्या दाराने या. ते तसेच परत आले. त्या घराचा विषय परत कधी काढला नाही त्यांनी.

हॉलला निदान तिकडचे जाणकार लोक ओळखतात. आमच्या सोसायटीवाल्यालापण बिल्डरच म्हणायचं, त्याने आयुष्यात पटाशी हातात धरली असेल तर मी मिशी उतरवीन. बाथरूमचं दार तीन पावसाळे झाले लागत नाही, फोन केला की म्हणतो, काका, उन्हाळ्यात आपोआप बसेल.

असो. पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापा, दागिन्यांच्या जाहिरातीतून जागा उरली तर. खाली माझं नाव मात्र छापू नका, मागच्या वेळी तुम्ही आडनाव चुकवलं होतं आणि अजून लोक चिडवतात.

आपला,
एक जुना वाचक, सांगली