जिन्याचं वेबिल

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत ‘लिफ्ट टाळा, जिना चढा’ असा सल्ला वाचला. सल्ला चांगलाच आहे. मी स्वतःला तो तीनदा दिला होता, तीन वेगवेगळ्या वर्षी, दर वेळी १ जानेवारीला. त्या तिन्ही वेळी काय झालं आणि शेवटी कशाने जमलं, ते कळवावं म्हणून हे पत्र.

मी १९८२ ते २०१६ बेस्टमध्ये कंडक्टर होतो. त्यातली नऊएक वर्षं डबलडेकरवर गेली. राहायला विक्रोळीला, कन्नमवार नगरात. जुनी इमारत तळमजला अधिक तीन, आमची खोली तिसऱ्यावर. जिना चढणं म्हणजे व्यायाम, असं तेव्हा कोणाच्या डोक्यातही आलं नाही. घरी जायला दुसरी वाटच नव्हती. मग पुनर्विकास झाला आणि आम्ही अकराव्या मजल्यावर गेलो. दोन लिफ्ट, आत आरसा. दोन वर्षांत अशी गत झाली, की दादरचा पूल चढताना मी मध्येच कठड्याला टेकायचो आणि मागच्यांना ‘या, या, पुढे चला’ म्हणायचो. जन्मभर तेच म्हणत आलो, त्यामुळे कोणाला संशय आला नाही.

माझी पुतणी फिजिओथेरपिस्ट आहे. ती म्हणाली, ‘काका, तुमच्या कामावर लंडनमध्ये केवढा अभ्यास झालाय!’ जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. तिथल्या डबलडेकरचे ड्रायव्हर दिवसभर बसलेले, तर कंडक्टर दिवसाला पाच-सातशे पायऱ्या चढणारे. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला. मी कॉलर ताठ केली. तेवढ्यात तिने पुढचं सांगितलं. १९५६ मध्ये याच मंडळींनी गणवेशाची मापं काढून बघितली, तर तरुण ड्रायव्हरसुद्धा कंडक्टरपेक्षा कमरेने रुंद. म्हणजे सगळं श्रेय पायऱ्यांना देता येत नाही. शिवाय आमच्या गाडीवर कंडक्टर दोन असायचे, एक वर आणि एक खाली, त्यामुळे लंडनवाल्याइतक्या पायऱ्या माझ्या वाट्याला आल्याच नसतील. पण चढायचं हे नक्की झालं. डॉक्टरांना विचारलं. गुडघे कुरकुरतात म्हणून त्यांनी चढताना जिना, उतरताना लिफ्ट असं ठरवून दिलं, आणि तेही थोडं थोडं वाढवत.

आधीच्या तिन्ही वर्षी मी कॅलेंडरवर बरोबरची खूण करत असे. चढलो की खूण, नाही चढलो की चौकट रिकामी. पाच-सहा चौकटी रिकाम्या राहिल्या, की त्या भिंतीकडे बघणंच नको वाटायचं. संकष्टी कधी आहे, तेसुद्धा मी सौ.ला विचारू लागलो.

चौथ्या वेळी वेबिल आठवलं. नव्या वाचकांसाठी सांगतो: तिकीट मशीन येण्याआधी कंडक्टरच्या पेटीत तिकिटांचे गठ्ठे असत आणि प्रत्येक टप्प्याला वरच्या तिकिटाचा नंबर वेबिल नावाच्या तक्त्यावर लिहावा लागे. एखाद्या टप्प्यावर कोणीच चढलं नाही, तर रकाना मोकळा सोडायचा नाही, मागचाच नंबर पुन्हा लिहायचा. इन्स्पेक्टर चढला की आधी वेबिल मागणार. त्यामुळे रिकाम्या गाडीचीही नोंद व्हायची आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नसायचं.

मी तशीच वही आखली. तारीख, वेळ, कितव्या मजल्यापर्यंत चढलो, लिफ्ट कुठे धरली आणि का धरली. आमच्याकडे मजल्याला वीस पायऱ्या. पहिला टप्पा तिसरा मजला, म्हणजे साठ पायऱ्या; पुढे लिफ्ट. वही दाराशी चपलांच्या कपाटावर, पेन सुतळीने बांधलेलं, कारण आमच्या घरात पेन एका जागी राहत नाही. लिहायला अर्धा मिनिटही लागत नाही. रविवारी सौ. तपासून सही करते. पहिल्या आठवड्याचा शेरा होता, ‘अक्षर सुधारा’.

महिन्याने बेरीज मारली आणि मीच चकित झालो. साठ फेऱ्यांपैकी तेवीस वेळा तळापासूनच लिफ्ट. मला वाटलं होतं, कारण आळस असणार. वहीत ‘कंटाळा’ दोनदाच निघाला. नऊ वेळा हातात भाजीची जड पिशवी. चार वेळा कोणी भेटलं आणि बोलत बोलत लिफ्टमध्ये शिरलो. उरलेल्या आठही वेळा ‘चौथ्या-पाचव्याच्या मध्ये अंधार’, आणि आठही नोंदी संध्याकाळी सातनंतरच्या. तोवर मी टप्पा पाचव्यापर्यंत वाढवला होता, आणि तिथला दिवाच गेलेला!

पिशवीचा प्रश्न घरीच सुटला. पिशवी आणि सौ. लिफ्टने, मी जिन्याने. वर ती दार उघडून उभी असते आणि ‘अहो, गाडी लेट’ म्हणते. दिव्यासाठी मात्र सोसायटीच्या कमिटीकडे गेलो. आधी तोंडी सांगितलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘जिना वापरतंच कोण?’ मग वहीचं पान घेऊन गेलो, आठ तारखा, आठ वेळा. दोन दिवसांत नवा दिवा लागला.

मध्ये एकदा मस्तीही केली. मे महिन्यात दुपारी, पाहुण्यांसमोर, एका दमात अकरावा. नवव्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खाली बसलो. वहीत लिहिलं ‘ब्रेकडाऊन’. पुतणीने फोनवर इतकी खरडपट्टी काढली, की पुढचे पंधरा दिवस पुन्हा तिसराच मजला. तिनेच सांगितलं, की लंडनमध्येच ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला मधोमधच्या माणसाला ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला अंदाजाच्या हिशेबाने २५४, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. माझ्या वहीत ८८व्या दिवशी नोंद आहे: ‘दूध घेऊन आलो. तिसऱ्यावर आल्यावर कळलं, की जिन्याने आलो.’

आता आपल्या पुरवणीला एक विनंती. ‘जिना चढा’ असं लिहाल तेव्हा जिन्याबद्दलही लिहा. आमच्याकडे लिफ्ट फाटकातून शिरताच समोर दिसते. जिना आगीसाठीच्या जड दारामागे. मजल्याचा आकडा भिंतीवर नाही, त्यामुळे आपण सहाव्यावर की सातव्यावर, हे दुसऱ्याच्या नावाच्या पाटीवरून ओळखायचं. वळणावर चपलांची कपाटं, सायकली, एक तुळशीवृंदावन. जिना मोकळा ठेवणं हे काही माझ्या गुडघ्यांसाठी नाही. आगीत लिफ्ट वापरायची नसते, सगळी इमारत याच वाटेने उतरणार. त्यासाठी महाराष्ट्रात २००६चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. हे कमिटीला लेखी दिलं. आकडे रंगवून झाले, सायकली खाली गेल्या. तुळस तिथेच आहे, तिला हलवा म्हणायची कोणाची हिंमत नाही.

सध्या आठवड्यातून चार दिवस अकराव्यापर्यंत जातो, मध्ये सहाव्यावर दोन मिनिटं थांबून. सातव्याच्या वळणावर कोणीतरी जुनी कापसाची गादी उभी करून ठेवली आहे. कारणाच्या रकान्यात तिची नोंद आज एकेचाळिसाव्यांदा झाली.

आपला,
एक निवृत्त बेस्ट कंडक्टर,
विक्रोळी (पूर्व), मुंबई